स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं!

घराचा भाव चौरस फुटांवर ठरतो असं आपण म्हणतो, पण त्या चौरस फुटांचा भाव ठरतो अंतरावर. हे अंतर कमी करणारी साधी सायकल घराची किंमत बदलू शकते का? आणि बदलली, तर ती कोणाच्या पदरात पडते? मीरा-भाईंदरच्या निमित्ताने हा थोडा हिशेब.

'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात. आजच्या काळात ही म्हण थोडी बदलून 'घर पाहावं चालून' अशी करायला हवी. रविवारच्या पेपरातल्या जाहिराती बघा. हिरवळ, कारंजं, बाल्कनीत चहा पिणारं हसतमुख जोडपं आणि खाली ठळक अक्षरांत 'स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं'! तालुक्याच्या गावी असाल तर 'स्टेशन'च्या जागी 'बसस्टँड' वाचा. ही पाच मिनिटं कोणाची, हे जाहिरात सांगत नाही. साइट ऑफिसमधला मुलगा मोठ्या अदबीने म्हणतो, "मॅडम, रिक्षात बसलं की आलंच!" रिक्षा मिळेपर्यंतची रांग, वाटेतला सिग्नल, पावसाळ्यात तुंबलेलं पाणी, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात मुलाचं दप्तर, यांची मिनिटं कोणी धरायची? ती आपण धरतो, तीही ताबा घेतल्यानंतर.

म्हणून घराच्या किमतीबद्दल बोलताना मला आधी रस्त्याबद्दल बोलावंसं वाटतं. आणि रस्त्याबद्दल बोलताना त्याच्या कडेने निमूटपणे जाणाऱ्या सायकलीबद्दल.

मीरा-भाईंदर हे उदाहरण मुद्दाम घेतलं. पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघालं की दहिसरला मुंबई महापालिकेची हद्द संपते. मग मीरा रोड, त्यापुढे भाईंदर आणि नंतर वसईची खाडी. एकेकाळी इथे मिठागरं, भातशेती, भाज्यांचे मळे आणि उत्तन-चौकच्या बाजूला कोळीवाडे. १९८५ साली इथे नगरपरिषद आली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका. १९९१ च्या जनगणनेत इथली वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांवर गेली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर. म्हणजे वीस वर्षांत साडेचारपट!

एवढी माणसं इथे आली ती काही समुद्राच्या वाऱ्यासाठी नाही. मुंबईतल्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार मावेनात, तेव्हा धाकटा भाऊ मीरा रोडला आला. जेवढ्या पैशांत अंधेरी-मालाडला एक खोली येत होती, तेवढ्यात दहिसरच्या पलीकडे स्वयंपाकघर, हॉल आणि आणखी एक खोली येत होती. पैसे वाचले, पण त्या बदल्यात रोजचा प्रवास आला. लोकलच्या लेडीज डब्यात मेथीची जुडी निवडत घरी येणाऱ्या बायकांचं आपण कौतुक करतो. ती जुडी म्हणजे स्वस्त घराच्या किमतीचा एक हप्ताच होता. बँकेच्या पासबुकात त्याची नोंद नाही, एवढंच.

हा न दिसणारा हप्ता कागदावर मांडून बघू. समजा, एक घर स्टेशनला लागून आहे आणि दुसरं दोन किलोमीटर आत. आतल्या घरातली दोन माणसं रोज शेअर रिक्षाने स्टेशनला जातात. एका वेळचे माणशी २० रुपये धरू. दोन माणसं, जाणं-येणं, महिन्याचे २५ दिवस. झाले २,००० रुपये. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं, तर लाखाला महिन्याला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे या २,००० रुपयांत आणखी सव्वादोन लाखांचं कर्ज फेडता आलं असतं! स्टेशनजवळचं घर तेवढ्याने महाग असतं, तरी हिशेब सारखाच झाला असता. प्रत्यक्षात दोन्ही घरांच्या भावातला फरक याहून खूप मोठा असतो. कारण माणसं रिक्षाच्या भाड्याबरोबर वेळेचे, रांगेचे आणि रात्री उशिरा क्लासवरून येणाऱ्या लेकीच्या काळजीचेही पैसे मोजत असतात.

आता या चित्रात सायकल आणू. आपण पायी दहा मिनिटांत साधारण आठशे मीटर जातो. फार घाई न करता चालवलेली सायकल तेवढ्याच वेळात त्याच्या तिप्पट, म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर सहज जाते. अंतर तिप्पट झालं, पण त्या अंतरात येणारी जागा तिप्पट होत नाही, ती नऊपट होते. स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्यायचं तर, तेवढ्याच जाडीची पोळी तिप्पट व्यासाची लाटायची झाली तर कणीक नऊपट लागते, तसंच हे! पायी दहा मिनिटांच्या आत जेवढी घरं येतात, त्याच्या कितीतरी पट घरं सायकलने दहा मिनिटांच्या आत येतात. मीरा रोडला पश्चिमेकडे मिठागरं आणि खारफुटी असल्याने ही पोळी पूर्वेकडे अर्धीच लाटली जाते. पण अर्धी पोळीसुद्धा शांतीनगर, पूनम सागर पार करून पार आतपर्यंत पोहोचते.

याचा घराच्या भावाशी संबंध असा, की 'स्टेशनजवळचं घर' ही आज मूठभर इमारतींची मिरास आहे. सायकलने सुखरूप जाता आलं, तर आतल्या गल्लीतलं घरही स्टेशनजवळचं होतं. त्याची किंमत थोडी वर सरकते. आणि जवळच्या घरासाठी जे भरमसाट पैसे मोजावे लागतात, त्यांचा ताण थोडा कमी होतो. शिवाय मीरा-भाईंदरची वस्तीची बहुतेक जमीन सपाट आहे. चढ नाही, घाट नाही. सायकलला याहून चांगली जमीन कोणती?

मग बायका सायकलवर का दिसत नाहीत? पहाटे बघा, दूधवाला सायकलवर असतो, पेपरवाला असतो, पाववाला असतो, रात्रपाळी संपवून घरी जाणारा वॉचमन असतो. रविवारी मुंबईहून हेल्मेट घालून, महागड्या गिअरच्या सायकली घेऊन गोराई-उत्तनच्या रस्त्याला येणारे हौशी लोकही असतात. पण सोमवारी सकाळी नऊ वाजता मुलाला शाळेत सोडून, भाजी घेऊन, सासूबाईंचं औषध आणून साडेनऊची गाडी पकडणारी बाई सायकलवर नसते. तिला सायकल येत नाही असं नाही. दहावीपर्यंत ती शाळेला सायकलनेच गेलेली असते. दहावी झाली, सायकल धाकट्या भावाकडे गेली, ती गेलीच. लग्नानंतर सायकल चालवणं 'बरं दिसत नाही'. आणि आता शहरात मनात आलं, तरी बस, टँकर आणि रिक्षांच्या गर्दीत हँडल धरायची हिंमत होत नाही.

खरं म्हणजे अंतर आणि बाई यांचं नातं आपल्या सरकारांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण तिथे सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. फरक जास्त पडला तो शाळा लांब असलेल्या गावांत. शाळा होती तिथेच राहिली, घर होतं तिथेच राहिलं. मधलं अंतर तेवढं लहान झालं.

घरांच्या किमतींबाबतही असाच अभ्यास झाला आहे, पण तो बाहेरच्या देशांत. अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात जेनी लिऊ आणि वेई शी या अभ्यासकांनी घरांचे व्यवहार आणि सायकलचे मार्ग ताडून पाहिले. त्यांचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहनांपासून नीट वेगळ्या केलेल्या सायकल-मार्गाजवळच्या घरांना चांगली किंमत मिळत होती, हे त्यात दिसलंच. पण मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. घराच्या आसपास अशा मार्गांचं जाळं किती पसरलेलं आहे, यावरही घराची किंमत अवलंबून होती. दारासमोर सुंदर मार्ग आहे, पण तो पुढच्या चौकात संपतो, तर त्याचा उपयोग काय? मागच्या दाराने विहिरीवर जाणारी पायवाट अर्ध्यात संपली, तर पाणी कसं आणायचं?

प्रत्येक ठिकाणी किंमत वाढलीच, असंही नाही. अमेरिकेतल्याच मिनिआपोलिस-सेंट पॉल भागातल्या २००६ च्या एका अभ्यासात, शहराबाहेरच्या उपनगरांमध्ये सायकल-मार्गाजवळच्या घरांची किंमत उलट थोडी कमी असल्याचं आढळलं. जिथे सगळेच मोटारीने फिरतात, तिथे परसाच्या मागून जाणारी वाट लोकांना कटकट वाटणारच. थोडक्यात, निव्वळ रंगवलेल्या पट्ट्याला किंमत नाही. तो पट्टा कोणाला कुठे पोहोचवतो, याला किंमत आहे.

हा धडा आपल्याकडे वेगळ्या तऱ्हेने मिळाला. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये एमएमआरडीएने सुमारे १३ किलोमीटरची सायकल-मार्गिका केली. रस्ते रुंद, कचेऱ्या मोठ्या, सगळं चकचकीत. पण तिथे काम करणारी माणसं लोकलने वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनात उतरतात. त्या स्टेशनांपासून संकुलापर्यंतचा गर्दीचा तुकडा त्यांनी कसा पार करायचा? मार्गिकेवर सायकलींऐवजी गाड्या उभ्या राहू लागल्या. शेवटी २०२५ मध्ये वाहतूक कोंडी कमी करण्यासाठी ती काढून रस्ता रुंद करायचं ठरलं. पवई तलावाच्या कडेने महापालिकेने सायकल आणि जॉगिंगचा ट्रॅक बांधायला घेतला होता. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं. तो ट्रॅक तलावाची शोभा बघत फेरी मारण्यासाठी होता. ऑफिस-शाळा-बाजार यांच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

आणि पुणं? एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून त्याची ख्याती. नऊवारी नेसून सायकल चालवणाऱ्या आजींच्या गोष्टी पुण्यातल्या कितीतरी घरांत अजून सांगितल्या जातात. तिथेही मोठ्या रस्त्यांच्या कडेला सायकल-ट्रॅक झाले. पण कुठे मध्येच झाड, कुठे विजेचा डीपी, कुठे पथारीवाला, तर कुठे ट्रॅक संपून एकदम पायरी! डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यावर आल्या आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक दिसेनाशाही झाल्या. कागदावर आराखडा उत्तम होता, पण सायकल कागदावर चालत नाही.

आता पुन्हा मीरा-भाईंदरला येऊ, कारण हे शहर सध्या एका वळणावर आहे. दहिसरपासून भाईंदरपर्यंत मेट्रो ९ चा मार्ग आखला गेला आणि १४ मे २०२५ रोजी दहिसर ते काशीगाव या टप्प्यावर मेट्रोची चाचणी झाली. आजवर या शहराचं 'स्टेशन' म्हणजे मीरा रोड किंवा भाईंदर. मेट्रोमुळे मीरागाव, काशीगाव, मेडतिया नगर अशी नवी 'स्टेशनं' घरांच्या जाहिरातीत आली. मेट्रोच्या नावावर भाव वाढायला गाडी धावण्याची वाट बघावी लागत नाही, खांब उभे राहिले की पुरे. पण मेट्रोच्या मार्गाला लागून असलेल्या इमारती सोडल्या, तर बाकीच्यांना मेट्रोपर्यंत पोहोचायला पुन्हा रिक्षाच! तीच रांग, तेच २० रुपये.

इथे सायकलची जोड मिळाली तर? प्रत्येक मेट्रो स्थानकाखाली आणि दोन्ही रेल्वे स्टेशनांबाहेर छप्पर असलेलं, राखणीला माणूस असलेलं सायकल स्टँड. तिथपर्यंत येणाऱ्या तीन-चार रस्त्यांच्या कडेला वाहनांना येता येणार नाही अशी उंचवट्याने वेगळी केलेली वाट. त्या वाटेवर दिवे. आणि वाट मध्येच न तुटता शाळा, बाजार, दवाखाना यांना जोडत जाणारी. २०२२ मध्ये मुंबईत मेट्रो २अ आणि ७ सुरू झाल्या, तेव्हा गाडीत सायकल घेऊन जाण्याची सोय देण्यात आली. मेट्रो ९ ही त्या ७ चाच पुढचा भाग. म्हणजे दुवे आहेत, ते एकमेकांत अडकवायचे राहिलेत. दुवा जुळला की काय होतं, हे भाईंदरच्या लोकांनी खाडीवर पाहिलं आहे. भाईंदरहून वसईला रस्त्याने जायचं तर घोडबंदरकडून जवळपास चाळीस किलोमीटरचा वळसा. फेब्रुवारी २०२४ मध्ये रो-रो बोट सुरू झाली आणि तेच अंतर खाडीतून चार किलोमीटरच्या आत आलं. गावं जागची हलली नाहीत, तरी शेजारी झाली!

माझ्या मते बायकांना तर या जोडणीची जास्त गरज आहे. पुरुषाचा प्रवास बहुधा सरळ असतो, घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर. बाईचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा. घरून बालवाडी, बालवाडीतून बँक, बँकेतून पिठाची गिरणी, तिथून भाजी, मग घर. यातला एकही तुकडा दोन किलोमीटरचा नसतो, पण प्रत्येक तुकड्याला रिक्षा केली तर पर्स रिकामी आणि चालत गेलं तर दुपार संपते. उत्तनहून माशांची पाटी घेऊन भाईंदर गाठणाऱ्या कोळणीला, मुर्धा-राईहून भाजी आणणाऱ्या बाईला आणि चार इमारतींत धुणं-भांडी करणाऱ्या ताईंना तर वेळ म्हणजे थेट पैसा आहे. एखादी वाट कामाची आहे की नाही, हे ठरवताना रविवारच्या हौशी सायकलवाल्याआधी या बायकांना विचारलं पाहिजे.

आणि आता तो थोडा अडचणीचा प्रश्न. वाट झाली, जोडणी झाली, घराचा भाव वाढला. फायदा कोणाचा?

ज्याच्या नावावर घर, त्याचा. हे सरळ आहे. पण त्याच गल्लीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचं काय? आपल्याकडे भाड्याचा करार बहुतेक अकरा महिन्यांचा. परिसर सुधारला की बाराव्या महिन्यात घरमालक गोड आवाजात म्हणतात, "वहिनी, आता रेट वाढलेत हो." शिकागो शहरात जुन्या रेल्वेमार्गावर सव्वाचार किलोमीटरची चालण्या-सायकलीची हिरवी वाट केली, तिचं नाव 'द सिक्स-ओ-सिक्स'. २०१३ मध्ये काम सुरू झालं, जून २०१५ मध्ये वाट खुली झाली. द पॉल विद्यापीठाच्या संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा तिच्या पश्चिमेकडच्या भागात घरांच्या किमती काम सुरू झाल्यापासून ४८ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. त्या भागात लॅटिनो कष्टकऱ्यांची वस्ती मोठी, बरेचसे भाडेकरू. त्यातल्या अनेकांना भाडं परवडेना. वाट आली आणि वाटेवरची माणसं दुसरीकडे गेली. अखेर २०२१ मध्ये तिथल्या महापालिकेला जुनी घरं पाडणाऱ्यांवर जादा शुल्क लावावं लागलं.

इंडियानापोलिसचं उदाहरणही लोक नेहमी देतात. तिथे तेरा किलोमीटरचा 'कल्चरल ट्रेल' २०१३ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला लागून असलेल्या मालमत्तांचं मूल्य २००८ ते २०१४ या काळात १४८ टक्क्यांनी वाढलं. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्या काळात शहराच्या त्या मध्यवर्ती भागात नवी बांधकामंही होत होती. सगळं श्रेय सायकलीच्या वाटेला देता येत नाही. कोणी बिल्डर असे आकडे दाखवून 'आमच्या प्रोजेक्टसमोर सायकल ट्रॅक आहे' म्हणत चढा भाव लावू लागला, तर आपण शांतपणे विचारावं, "दादा, हा ट्रॅक सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे?"

मीरा रोडला भाडं परवडलं नाही की माणसं खाडी ओलांडून नायगाव, नालासोपारा, विरारला जातात. पुन्हा तेच, घर स्वस्त आणि प्रवास लांब. शहराने वाट बांधताना ती फक्त नव्या टॉवरच्या समोरून नेली, तर भाव टॉवरचे वाढतील. तीच वाट जुन्या इमारती, चाळी, गावठाणं यांतूनही नेली, तर सोय सगळीकडे सारखी पसरेल आणि एकाच गल्लीचे भाव आभाळाला भिडणार नाहीत. जाळं असावं म्हणतात, ते यासाठीही.

'ज्याच्या नावावर घर, त्याचा फायदा' असं वर म्हटलं. मग हेही विचारू या की घर कोणाच्या नावावर आहे? रोजच्या धावपळीतून, पोटाला चिमटा घेऊन, मंगळसूत्र गहाण ठेवून उभं केलेलं घर अजूनही बहुतेक वेळा 'यांच्या' एकट्याच्या नावावर असतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून स्त्रियांना घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्याच नावावर घेतलं तर ती मिळते, नवरा-बायको दोघांची नावं असतील तर मिळत नाही. असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, अशी आधी अट होती, ती २०२३ मध्ये काढली गेली. चाळीस लाखांच्या घरावर एक टक्का म्हणजे चाळीस हजार रुपये! सवलत घ्यायची की दोघांची नावं लावायची, हे ज्याने त्याने घरात बसून ठरवावं. पण तिचं नाव कुठेच नाही, असं मात्र होऊ नये. अंतर तिने कापलं, तर वाढलेली किंमतही तिच्या नावावर असायला हवी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबईच्या उंबरठ्यावरचं. आमच्या गावाला काय त्याचं? मैत्रिणींनो, १९८५ मध्ये मीरा-भाईंदरही नगरपरिषदेचंच गाव होतं. आज तुमच्या गावाबाहेर बायपास झालाय, शेतांचे प्लॉट पडतायत, 'बसस्टँडपासून पाच मिनिटं'चे फलक लागलेत. म्हणजे तुमच्या गावाचीही तीच वेळ आलीय. आणि तुमच्या गावात अजून एक गोष्ट शिल्लक आहे, जी मोठ्या शहरांनी घालवली. तुमच्या मुली अजून सायकलने शाळेत जातात.

तेव्हा घर किंवा प्लॉट बघायला जाल तेव्हा थोडं वेगळं बघा. गाडीतून दाखवायला नेतील, तुम्ही एकदा स्टँडपासून किंवा स्टेशनपासून पायी किंवा सायकलने जा. तेही संध्याकाळी सात वाजता. दिवे आहेत का, नाल्यावर पूल आहे का, शेवटच्या दोनशे मीटरला रस्ता आहे की चिखल, ते कळेल. नव्या प्रकल्पाची महारेरावर नोंदणी आहे का, ते बघा. ब्रोशरमध्ये दाखवलेला रस्ता किंवा सायकल ट्रॅक शहराच्या मंजूर विकास आराखड्यात आहे का, हे नगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारा. सरकारी रेडी रेकनरमध्ये सायकल-वाटेचा वेगळा रकाना नसतो, त्यामुळे बिल्डर त्या नावाखाली सांगेल तो भाव हा त्याचा स्वतःचा असतो, हे ध्यानात ठेवा. सोसायटीत सायकली ठेवायला जागा आहे का, की जिन्याखाली साखळीने बांधाव्या लागतात, हेही विचारा.

आणि घर आधीच घेतलं असेल तरी करण्यासारखं खूप आहे. गावाचा प्रारूप विकास आराखडा जाहीर होतो, तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. या सूचना बहुतेक जमीनमालक आणि बिल्डरच देतात. दहा-पंधरा बायकांनी मिळून एका कागदावर लिहून दिलं की शाळेपासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून स्टँडपर्यंत सायकलची एक अखंड वाट हवी, स्टँडवर राखणीसह सायकल ठेवायची जागा हवी, तर त्याची नोंद घ्यावी लागते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. म्हणजे तुमच्या नगरपालिकेत निम्म्या तरी नगरसेविका असतात. त्यांच्याकडे आपण हळदीकुंकवाला जातो, वाण घेतो. यंदा वाण घेताना हा कागदही त्यांच्या हातात द्यायला काय हरकत आहे?